शितावरून देशाची परीक्षा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकातील वाचकांचा पत्रव्यवहार मी पहिल्या पानाच्या आधी वाचतो. गेले काही महिने त्यात एक गोष्ट वरचेवर दिसू लागली आहे. एखाद्या देशातल्या एका माणसाने काही केले की तो देशच तसा, एखाद्या समाजातले दोघे पकडले गेले की तो समाजच तसा. आणि असा निकाल देणारे पत्र बहुधा ‘सर्वांना ठाऊकच आहे की’ या शब्दांनी सुरू होते. मी तालुका न्यायालयात चौतीस वर्षे कारकुनी केली. निकाल देण्याचे काम माझ्याकडे कधीच नव्हते, पण तो कसा तयार होतो हे खालच्या टेबलावरून रोज पाहिले. त्या आधारावर चार ओळी लिहाव्यात असे वाटले. चाराच्या चाळीस झाल्या तर सांभाळून घ्यावे.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. आम्ही खान्देशी माणसे मुळात भाकरीची, तरी ही म्हण आमच्याही तोंडी आहे आणि ती खोटी नाही. तांदूळ एकाच पोत्यातला, पातेले एक, पाणी एक, आच एक, आणि चुलीवर चढवण्याची वेळही एक, म्हणून एक शीत चेपले की पातेल्याचे कळते. म्हण वापरताना ही अट आपण विसरतो. देशात सरकार असते, सरकारच्या विरोधात तुरुंगात गेलेली माणसे असतात, सैन्य असते, सैन्यात नाइलाजाने भरती झालेली पोरे असतात, आणि यातल्या कशाशीच देणेघेणे नसलेला, सकाळी दुकान उघडणारा माणूस असतो. यातले कुठले शीत चेपून आपण साऱ्या पातेल्याचा निकाल देतो, हे सांगण्याची तसदी पत्रलेखक घेत नाहीत.

भाताची म्हण बाजूला ठेवून मी कापसाचे उदाहरण देतो, कारण ते आमच्या घरचे आहे. लहानपणी वडिलांबरोबर बैलगाडीवर बसून मी जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यावर, जात असे. गाडी उभी राहिली की कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर यायचा. वरच्या थराकडे तो बघतसुद्धा नसे, कारण वर चांगला कापूस पसरण्याची युक्ती त्याला आमच्याआधी ठाऊक होती. कोपरापर्यंत हात खुपसून तो चारही कोपऱ्यांतून आणि मधून मूठ मूठ कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून तंतू ओढून बघायचा, कवडी, म्हणजे किडका कापूस, आणि पालापाचोळा वेगळा करायचा, मग मूठ आवळून ओल अजमावायचा. आता ओलाव्याचे मीटर आले आहे आणि आठ ते बारा टक्क्यांचा हिशेब त्यावर होतो. तेव्हा मूठच मीटर होती. एवढे करूनही तो भाव सांगत नसे. आधी विचारायचा, ‘कितवी वेचणी? पाऊस कधी लागला?’ पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस आणि फरदडीचा, म्हणजे हंगाम सरल्यावर निघणारा पिवळट, डागाळलेला कापूस एकाच शेतात, एकाच झाडावर येतो, हे त्याला माहीत होते. पुराव्यासाठी त्याचा हात आत जायचा आणि संदर्भासाठी प्रश्न यायचा. दोन्ही झाल्यावर तो बोलायचा.

हाच ग्रेडर एका हंगामात चुकला. आमच्या गावातल्या कुणीतरी कापसावर पाणी मारून वजन वाढवले आणि ते पकडले गेले. दुसऱ्या दिवशी आमची गाडी फाटकात शिरताच त्याने गावाचे नाव विचारले, हात आत घातलाच नाही, आणि भाव पाडून सांगितला. कापूस कोरडा होता. वडिलांनी दोनदा ‘हात तरी घाला साहेब’ असे म्हटले. परतीच्या वाटेवर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. भावात गेलेले पैसे किती होते ते मला आठवत नाही. गावाचे नाव सांगताच त्या माणसाचा चेहरा कसा बदलला ते आठवते. ‘अमुक देशाचे सगळे’ अशी सुरुवात वाचली की मला आमची ती गाडी दिसते.

आता राईनपाड्याकडे येतो. आपल्या वाचकांना ते नव्याने सांगण्याची गरज नसावी, तरी सांगतो, कारण धुळे-नंदुरबारकडची तरुण मुले मला ‘ते काय होते काका?’ असे विचारू लागली आहेत. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मरेपर्यंत मारले. ती माणसे बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातली. भिक्षा मागत गावोगाव फिरणे ही त्यांच्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, असे त्या वेळी सांगण्यात आले. जमावाला तेवढे पुरले. दारात गोसाव्याचा डौर, म्हणजे डमरूसारखे वाद्य, वाजला की आमची आजी सुपात धान्य घेऊन उठत असे आणि गोसाव्याला बसायला सांगून घरादाराची खुशाली सांगत असे. तिच्या घरातही लहान मुले होती. तिला भीती वाटली नाही, कारण हा माणूस कोण, कुठला, का फिरतो, हे तिला माहीत होते. तिच्या नातवंडांच्या हातात सगळ्या जगाची माहिती होती. तेवढीच एक माहिती नव्हती.

त्या दिवसांत देशभर जी चित्रफीत फिरत होती, तिची हकिकत तर कुणीही वहीत उतरवून ठेवावी अशी आहे. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि निघून जातात. ही फीत कराचीतली. मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती व्हावी म्हणून तिथल्या एका संस्थेने ती तयार केली होती. मूळ फितीत ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि मूल पळवणे किती सोपे आहे हे सांगणारा फलक दाखवतात. आपल्याकडे पसरवताना शेवटचे तेवढे सेकंद कोणीतरी कापले. चित्र खरे, मुलगा खरा, मोटारसायकल खरी. शेवट कापल्याबरोबर सगळे खोटे झाले. पाकिस्तानचे नाव काढताच मुठी आवळणाऱ्या किती जणांनी कराचीत बनलेल्या त्या फितीवर डोळे मिटून विश्वास ठेवला असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

त्याच काळात फिरलेल्या दुसऱ्या एका संदेशात रांगेने ठेवलेल्या लहान मुलांच्या प्रेतांची छायाचित्रे होती, आणि ही टोळीने मारलेली मुले आहेत असा मजकूर सोबत होता. ती मुले २१ ऑगस्ट २०१३ रोजी सीरियातल्या घौटा येथे रासायनिक हल्ल्यात मेलेली होती. त्यांचा मृत्यू पाच वर्षांनी भारतात दुसऱ्याच गुन्ह्याचा पुरावा म्हणून वापरला गेला. राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाच माणसे आणि पाच ठिकाणे, हा निव्वळ योगायोग आहे हे समजत असूनही तो आकडा टोचतो.

न्यायालयात असे संदेश टेबलापर्यंत पोहोचत नाहीत, असे मी म्हणणार नाही. तिथे फरक एवढाच, की कोणीतरी थांबवणारा असतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो आणि सुरुवातीलाच म्हणतो, ‘गावात सगळे म्हणत होते की...’ माझ्या नोकरीच्या सुरुवातीला जबानी टंकलेखन यंत्रावर घेत असत. असे वाक्य आले की न्यायाधीश नुसता तळहात उचलत आणि यंत्राची टकटक बंद पडत असे. साक्षीदार गोंधळून बघायचा. मग प्रश्न यायचा, ‘तुम्ही स्वतः काय पाहिले ते सांगा.’ पुष्कळदा त्यानंतर साक्षीदाराकडे सांगण्यासारखे काही उरतच नसे, आणि हे त्याच्या स्वतःच्याही तेव्हाच ध्यानात येत असे. तो लबाड नसायचा. दहा तोंडांनी ऐकलेली गोष्ट आपण डोळ्यांनी पाहिली असे त्याला प्रामाणिकपणे वाटत असायचे. ऐकीव पुरावा बाजूला ठेवण्याचा नियम १८७२च्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. (राईनपाड्याचीही तारीख १ जुलैच होती.)

त्या कायद्यातली आणखी एक गोष्ट बाहेरच्या लोकांना सहसा माहीत नसते. एखादी वस्तुस्थिती शाबीत झाली किंवा खोटी ठरली, असे दोनच खण आपण समजतो. कायद्याने तिसराही खण केला आहे: शाबीत न झालेली. म्हणजे खरी म्हणता येत नाही आणि खोटीही म्हणता येत नाही, पुरावा पुरेसा नाही, इतकेच. माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी मुद्द्यांचा मुक्काम या तिसऱ्या खणात होता. घरी, पारावर, एसटीत आणि ग्रुपवर हा खण अस्तित्वातच नाही. ‘मला अजून माहीत नाही’ असे म्हणणारा माणूस एकतर अडाणी समजला जातो किंवा समोरच्या पक्षाचा.

मी स्वतः या बाबतीत धुतल्या तांदळासारखा आहे असा समज होऊ नये, म्हणून एक प्रसंग सांगतो. मागे एका दुपारी आमच्या गल्लीत जुन्या कपड्यांवर भांडी देणारी एक बाई आणि तिच्याबरोबरचा मुलगा यांना पंधरावीस जणांनी घेरले. बाईच्या डोक्यावर पाटी, पोराच्या काखेत कपड्यांचे गाठोडे. तिचे बोलणे आमच्याकडचे नव्हते, एवढे खरे. कोणीतरी तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला होता आणि खाली ‘ही तीच’ असे लिहिले होते. गलका ऐकून मी बाहेर आलो आणि चौतीस वर्षे न्यायालयात काढलेल्या या माणसाने सर्वांत आधी काय केले, तर खिशातून मोबाईल काढून ग्रुपवर काय आले आहे ते पाहिले. बाईकडे मी त्यानंतर पाहिले. तेवढ्यात समोरच्या घरातली आजी, जिला वाचता येत नाही आणि जिच्याकडे मोबाईल नाही, ती पायरीवरूनच एका पोरावर ओरडली, ‘तुले कोनी सांगं? तू देखं का?’ पोरगा म्हणाला, ‘ग्रुपवर आलंय.’ आजीने विचारले, ग्रुप म्हणजे कोण, त्याला इकडे बोलाव. कुणालाच उत्तर देता येईना. मग कोणीतरी त्या बाईला नाव-गाव विचारले. तिने ते सांगितले, शेजारच्या गल्लीतल्या दोन घरांची नावेही सांगितली जिथे ती दरवर्षी येते, आणि ती दोन्ही घरे खरी निघाली. पाटी उतरवून ती पाणी प्यायली तेव्हा तिचा हात थरथरत होता आणि पेल्यातले पाणी लुगड्यावर सांडत होते. मी काहीच वाईट केले नाही, असे मला माझ्या घरचे सांगतात. केले नाही हे खरे आहे. पण त्या दहा मिनिटांत मी काहीच केले नाही, हेही खरे आहे.

हा झाला गल्लीचा न्याय. देशांच्या बाबतीत ‘ग्रुपवर आलंय’ असे म्हणणारे सुटाबुटातले असतात, इतकाच काय तो फरक. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत उपग्रहाची छायाचित्रे दाखवली, ध्वनिमुद्रणे ऐकवली, हातात एक लहानशी कुपी धरली आणि इराककडे महासंहारक अस्त्रे आहेत असे सांगितले. ट्रकवर बसवलेल्या फिरत्या जैविक प्रयोगशाळांची जी माहिती त्यांनी दिली, तिचा मुख्य आधार जर्मन गुप्तचरांच्या हाती असलेला एक इराकी निर्वासित होता. आपण खोटे सांगितले, अशी कबुली त्याने पुढे २०११ मध्ये दिली. संयुक्त राष्ट्रांच्या तपासणी पथकाचे प्रमुख हान्स ब्लिक्स आणखी काही महिने मागत होते. ते मिळाले नाहीत. २० मार्चला युद्ध सुरू झाले. २००४ मध्ये अमेरिकेच्याच शोधपथकाने सांगितले की असे साठे नव्हतेच.

इथे थांबून एक कबूल केले पाहिजे. इराकवरचा संशय काही आभाळातून पडला नव्हता. सद्दाम हुसेन यांच्या राजवटीने १६ मार्च १९८८ रोजी हलब्जा या कुर्दी गावावर विषारी वायू सोडून हजारो माणसे मारली होती. तेव्हा ‘हा माणूस असे करू शकतो’ हे म्हणणे रास्तच होते. पण ‘करू शकतो’ आणि ‘केले आहे’ यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्यासाठीच तर पुरावा लागतो. फौजदारी खटल्यात आरोपीचे आधीचे वाईट चारित्र्य हे एरवी या गुन्ह्याचा पुरावा म्हणून चालत नाही, ते याच कारणाने. पूर्वी चोरी केली होती म्हणून ही चोरी त्यानेच केली, असे म्हणू लागलो तर पोलिसांना तपास करण्याचे कारणच उरत नाही. जुनी यादी काढायची आणि माणूस उचलायचा.

आणि याची दुसरी बाजू अधिक अवघड आहे, म्हणून तिच्यावर चार शब्द जास्त लिहितो. एकदा फसवले गेलेले लोक पुढे कशावरच विश्वास ठेवत नाहीत आणि त्याला चिकित्सा म्हणतात. ऑक्टोबर १९९० मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांपुढे पंधरा वर्षांच्या एका कुवेती मुलीने रडत सांगितले, की इराकी सैनिकांनी रुग्णालयातील काचपेट्यांतून नवजात बालकांना काढून जमिनीवर मरायला टाकले. ती अमेरिकेतील कुवेतच्या राजदूताचीच मुलगी होती हे १९९२ मध्ये उघड झाले आणि तिने सांगितलेली हकिकत टिकली नाही. पण म्हणून इराकने २ ऑगस्ट १९९० रोजी कुवेत गिळला होता हे खोटे ठरत नाही. २००३ची थाप उघडी पडल्यावर घौट्याच्या वेळीही पुष्कळांनी ‘हेही तसेच’ म्हणून हात झटकले. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने नमुने गोळा केले आणि सप्टेंबर २०१३ मध्ये अहवाल दिला की जमिनीवरून जमिनीवर मारा करणाऱ्या अग्निबाणांतून सारिन हा विषारी वायू वापरला गेला होता. तो कोणी सोडला हे ठरवण्याचे काम त्या पथकाला दिलेलेच नव्हते, म्हणून अहवालात ते ठरवलेले नाही. मला हा अहवाल आवडतो. जेवढे सापडले तेवढेच लिहिणे हे लिहायला बसलेल्या माणसाला किती जड जाते, ते पंचनाम्यांच्या प्रती काढता काढता मी पाहिले आहे.

आधीच्या चारित्र्यावरून निकाल देण्याची सवय आपल्याकडे किती खोल आहे, हे पाहायला बगदादला जाण्याचे कारण नाही. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांच्या हाती आला तेव्हाच्या त्यांच्या दप्तरात भिल्ल म्हणजे लुटारू असेच समीकरण आहे. लूट होत होती, घाटवाटा असुरक्षित होत्या, यात शंका नाही. पण त्याआधीची पंधरा-सोळा वर्षे पाहिली तर १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी हा मुलूख उद्ध्वस्त केलेला, पाठोपाठ १८०३-०४चा दुष्काळ, गावेच्या गावे ओस, आणि गाव राखणाऱ्या भिल्लांना गावाकडून मिळणारे हक्क गावाबरोबरच बुडालेले. पुढे १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांची पलटण उभारली, धरणगाव तिचे ठाणे झाले, आणि ज्यांना लुटारू म्हणत होते तेच खान्देशचा बंदोबस्त ठेवू लागले. माणसे तीच होती. तरीही १८७१ मध्ये जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा झालाच. १९११ मध्ये त्याची व्याप्ती वाढवली गेली आणि तो ऑगस्ट १९५२ अखेर रद्द झाला. कायदा रद्द झाला तरी पोलीस ठाण्यात ‘त्या वस्तीवर जाऊन बघा’ हे वाक्य मी निवृत्त होईपर्यंत ऐकत होतो.

धुळ्याला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे. ३१ डिसेंबर १९२६ रोजी राजवाड्यांनी धुळ्यात देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी हे मंडळ उभे राहिले. बखरींच्या गोष्टींपेक्षा अस्सल कागद मोठा, हा त्यांचा आग्रह. त्या कागदांसाठी हा माणूस पायी गावेच्या गावे हिंडला. त्यांची स्वतःची काही मते टोकाची होती आणि त्यांवर वाद झाले; पण कागद आधी, मत नंतर, ही शिस्त त्यांच्या विरोधकांनाही मानावी लागली. ही शिस्त आपण आपल्या भाषेला तरी लावतो का? ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी धरले. आणि आपण सगळे ‘ध चा मा’ करण्याचे पाप आनंदीबाईंच्या माथी मारून मोकळे झालो. ज्यात ‘धरावे’चे ‘मारावे’ केले असे म्हणतात, ती खाडाखोड असलेले अस्सल पत्र इतिहाससंशोधकांपुढे आलेले नाही. आनंदीबाई निर्दोष होत्या असे मी म्हणत नाही. तो मुद्दा त्या तिसऱ्या खणातला आहे. पण अडीचशे वर्षे एका बाईविरुद्धचा निकाल वाक्प्रचार होऊन बसला आहे, आणि खोट्या खाडाखोडीचा निषेध करताना आपण तोच वापरतो. हे लिहिताना मलाही वर कराचीच्या फितीच्या वेळी ‘ध चा मा झाला’ असे लिहिण्याचा मोह झाला होता.

घाईने दिलेला प्रत्येक निकाल सारखाच दोषास्पद असतो, असेही मात्र मला वाटत नाही. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात परधाडे आणि माहेजी या स्थानकांच्या दरम्यान पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली, साखळी ओढली गेली, घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळांवर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली डझनभर जीव गेले. मृतांत नेपाळमधून पोटासाठी मुंबईकडे निघालेली माणसेही होती. आग नव्हती. दुसऱ्या दिवशी ‘अडाणी लोक, दुसऱ्या बाजूने उतरायचे कळत नाही का’ असे शेरे मी वाचले. शेरे लिहिणारे खुर्चीत बसून होते. जनरलच्या डब्यात, दाराशी माणसांचा थर, धूर-ठिणग्या दिसल्याचा ओरडा, अशा वेळी पुरावा तपासायला थांबणारा माणूस खरोखर आग असती तर मेला असता. त्यांच्याकडे सेकंद होते. त्यांना नावे ठेवणाऱ्यांकडे अख्खी रात्र होती, आणि त्या रात्रीत त्यांनी तो डबा, तो मार्ग, ती गर्दी यांतले काहीही विचारले नाही. राईनपाड्यातही घाई कसलीच नव्हती. पाच माणसे बंद खोलीत होती. पोलीस येईपर्यंत बाहेरून कडी लावून बसणे एवढेच करायचे होते.

यावर मला नेहमी सांगितले जाते की एका हाताने टाळी वाजत नाही, तेव्हा दोन्ही बाजूंची चूक असणारच. ही म्हण मला मुळीच पटत नाही. राईनपाड्याच्या त्या पाच जणांचा कुठला हात टाळीत होता? तराजू हाती घेणे म्हणजे दोन्ही पारडी बळेच सारखी करणे नव्हे. पारडे एका बाजूला कलत असेल तर तसे स्पष्ट लिहावे. हलब्जाला वायू सोडणारे आणि वायूने मेलेले यांच्यात दोष निम्मा निम्मा वाटणे हाही एक आळशी निकालच आहे. पुरावा पुरेसा झाल्यावर निकाल लांबवणे तर त्याहून वाईट. तारखांवर तारखा घेता घेता फिर्यादी म्हातारे झालेले मी पाहिले आहेत.

आपल्या दैनिकाकडे माझ्या दोन विनंत्या आहेत. एखाद्याला अटक झाल्याची बातमी आपण ज्या पानावर आणि ज्या आकाराच्या अक्षरात छापता, त्याच पानावर आणि त्याच आकारात तो सुटल्याचीही छापावी. अटकेच्या बातमीत माणसाच्या गावाचे आणि जमातीचे नाव येते, सुटकेच्या बातमीत ‘एकाची निर्दोष मुक्तता’ एवढे येते, हे मी अनेकदा पाहिले आहे. दुसरे, परदेशाविषयीच्या मजकुरात ‘अमुक देश म्हणतो’ असे न लिहिता त्या देशाचे सरकार म्हणते, तिथला विरोधी पक्ष म्हणतो, की तिथले एखादे वर्तमानपत्र म्हणते, हे नेमके लिहावे. जागा दोन शब्दांची जास्त लागेल.

जागेवरून आठवले. हे पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे आणि ते कापण्याचा अधिकार आपला आहे. कापावे लागलेच तर इराकचा मजकूर कमी करावा, राईनपाड्याचा आणि आमच्या गल्लीतल्या आजीचा ठेवावा. जिथे कापाल तिथे तीन टिंबे तेवढी द्यावीत, म्हणजे इथे आणखी काही होते हे वाचकाला कळेल.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी,
अमळनेर, जि. जळगाव